१,०७,६०० आणि एक

स्टेडियम म्हटलं की दारातून आत शिरायचं आणि जिने चढायचे. इथे उलटं आहे. आत आलात की पायऱ्या खाली जातात. खाली, अजून खाली... आणि तळाशी ते हिरवं मैदान.

(ड्रोन वर जातो)

हे मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम. गाव अ‍ॅन आर्बर. लोकांच्या तोंडी नाव एकच : 'बिग हाऊस'. बसायची सोय १,०७,६०१ माणसांची. वानखेडे तीनदा रिकामं करून इथे आणलं, तरी काही बाक मोकळे राहतील. आणि खेळणार कोण, तर कॉलेजातली पोरं. फुटबॉलही अमेरिकी, लांबुळका चेंडू छातीशी धरून पळायचा.

(कृष्णधवल छायाचित्रं)

हे फील्डिंग योस्ट. आधी संघाचे प्रशिक्षक, पुढे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख. जुनं फेरी फील्ड अपुरं पडू लागलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात लाखाच्या वरचा आकडा होता. एवढं मोठं हवंय कशाला, अशी कुरकुर विद्यापीठातच झाली. मंजुरी मिळाली ७२,००० जागांची. योस्ट यांनी ती मुकाट्याने घेतली, पण पाया मात्र असा घालून घेतला, की पुढे कधीही वर रांगा चढवता याव्यात. पैसा उभा राहिला कर्जरोख्यांतून : पाचशे डॉलरचा एक, असे ३,००० रोखे.

आता ही जमीन पाहा. पाणथळ. खाली जिवंत झरा. खणावं तिथे पाणी. तरीही स्टेडियमचा बहुतेक भाग जमिनीच्या पोटात बसवला. बांधकामातली एक क्रेन त्या चिखलात रुतली आणि अजून मैदानाखालीच आहे, असं गावातले लोक सांगतात. खरंखोटं कोण खणून बघणार!

१ ऑक्टोबर १९२७ ला पहिला सामना झाला, ओहायो वेस्लियनविरुद्ध. मिशिगनने तो ३३–० असा जिंकला. तीन आठवड्यांनी रीतसर उद्घाटन. समोर ओहायो स्टेट, म्हणजे सख्खं वैर. तात्पुरते बाक टाकून गर्दी ८४,४०१ वर गेली.

१९४९ मध्ये लाकडी बाकांच्या जागी पोलादी मांडणी आली : ९७,२३९. १९५६ मध्ये पत्रकारांसाठी कक्ष बांधला आणि आकडा लाखापार गेला : १,०१,००१. योस्ट १९४६ मध्येच गेले होते.

(बाकांच्या रांगा, संथ पॅन)

पुढचं सगळं भराभर. १९६९ मध्ये कृत्रिम गवत. १९९१ मध्ये खरं गवत, आणि मागच्यांना नीट दिसावं म्हणून मैदान साडेतीन फूट आणखी खाली. २००३ मध्ये पुन्हा कृत्रिम. २०१० मध्ये २२ कोटी ६० लाख डॉलर खर्चून दोन्ही बाजूंना या विटांच्या इमारती, आत काचेमागचे महागडे कक्ष. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांना पुरेशी जागा नाही म्हणून त्याच सुमारास खटला झाला, तडजोड झाली, जागा वाढल्या.

(सामन्याचा दिवस. मक्याचा पिवळा आणि निळा)

७ सप्टेंबर २०१३, समोर नोत्र दाम. हजेरी १,१५,१०९.

आणि आकड्याच्या शेवटी हट्टाने बसलेला तो 'एक'? तो फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या मानाचा, असं सांगतात. प्रशिक्षक, नंतर योस्ट यांच्याच खुर्चीत बसलेले क्रीडाप्रमुख. त्यांची ती जागा याच बाकांवर कुठेतरी आहे. कुठली, हे कुणी सांगत नाही.

(रिकामं स्टेडियम. आवाज नाही)