मिगमधला ‘ग’

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘गुरेविच या आडनावाचा उगम आणि प्रसार’. पण नाशिकात उभं राहून गुरेविचवर बोलायचं, तर ओझरपासून सुरुवात करायला हवी. १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी तिथे कारखाना आला. या सभागृहात निदान चार-पाच जण तरी त्या कारखान्यातून निवृत्त झालेले असतील. मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच, ही विमानं रचणारे दोघे सोव्हिएत अभियंते. मधला ‘इ’ हा रशियनमधला ‘आणि’. २०२५च्या सप्टेंबरात चंडीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा मी वाचलेल्या लेखांत मिकोयान होता, गुरेविच जेमतेम एखाद्या ओळीत. खुद्द रशियातही पुढे त्यांच्या विमानरचना संस्थेच्या नावात मिकोयान एकटाच उरला. मला हे लागतं. कुर्स्क प्रांतातल्या खेड्यात १८९३ साली जन्मलेला हा ज्यू मुलगा खार्कोव्हला शिकला, फ्रान्समध्ये माँपेलियेला शिकला आणि अर्ध्या जगाच्या आकाशात आपलं आद्याक्षर ठेवून गेला.

आणि जिथे त्याचा उल्लेख येतो, तिथे काय म्हणतात? शेवटी ‘विच’ आहे, म्हणजे रशियन आडनाव, अमक्याचा मुलगा. इथे माझं भांडण आहे. ऑर्थोडॉक्स संत गुरी याच्या नावावरून एखाद्या स्लाव्ह घराचं आडनाव गुरेविच झालं असेलही. पण बहुतेक गुरेविच ज्यू, आणि त्यांचं आडनाव बापाचं नव्हे, गावाचं. आपल्या पेणकर-रोहेकरांसारखंच. ही नावं मुद्दाम घेतली, कारण रायगडातल्या बेने इस्राएलींनीही, म्हणजे कोकणातल्या ज्यूंनीही, हेच केलं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर आणि किहीमचे केहीमकर हे सगळे ज्यूच.

तर गुरेविचांचं गाव होर्झोवित्से. ते बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, प्रागच्या नैर्ऋत्येला आहे. तिथून प्रागमध्ये आलेलं एक लेवी (ज्यूंमधल्या मंदिरसेवकांच्या वंशाचं) घराणं होरोविट्स म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यातल्या आरोन मेशुल्लाम होरोविट्सनं १५३५ साली पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभारलं. आज त्याच्या आत चारी भिंतींवर वरपासून खालपर्यंत फक्त नावं आहेत. बोहेमिया-मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची. गावागावानुसार लावलेली, आडनाव लाल अक्षरात, त्यापुढे नाव, जन्मतारीख आणि शेवटची माहीत असलेली तारीख. एका आडनावाखाली पाच-सहा नावं आली की कळतं, अख्खं घर गेलं. १९५०च्या दशकात चित्रकारांनी ही हातानं लिहिली. १९६८नंतर ओल आल्याचं कारण देऊन वास्तू बंद झाली, नावं नाहीशी झाली. १९९०च्या दशकात ती सगळी पुन्हा लिहिली गेली. आडनावांचा अभ्यास म्हणजे रिकामा उद्योग, असं मला कुणी म्हटलं की मी या भिंतींबद्दल सांगतो.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. प्रसार राहिलाच आहे, तो आता भराभर घेतो.

प्रागहून ही माणसं पोलंड, लिथुआनिया, बेलारूसकडे गेली. तिकडच्या यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, ‘हो’चा ‘हु’ झाला: हुर्विट्स. मग हा मुलूख रशियन साम्राज्यात गेला आणि झारची नोंदवही आली. रशियनमध्ये ‘ह’ नाही, तिथे हिटलरचाही गिटलर होतो. हुर्विट्सचा गुर्विच झाला आणि स्लाव्ह शेपूट जोडून गुरेविच. त्याच साम्राज्यात कीव्हला १९०३ साली जन्मलेला पियानोवादक व्लादिमीर मात्र रशियन कागदांवर गोरोविट्स, अमेरिकेत होरोविट्स. हिल्डेसहाइमचा गणिती आडोल्फ हुर्विट्स, २००७चा नोबेलविजेता अर्थतज्ज्ञ लिओनिड हुर्विच, फ्रान्समधला समाजशास्त्रज्ञ जॉर्ज गुर्विच ही सगळी त्याच आडनावाची रूपं.

युरोपातल्या बहुतेक ज्यूंना आडनावं सरकारी हुकमानं आली. ऑस्ट्रियात १७८७ साली, रशियात १८०४ साली. होरोविट्स त्याच्या दोन-अडीचशे वर्षं आधीचं, प्रतिष्ठेचं. म्हणून आईकडूनही ते पुढे चाललं, आणि सगळे गुरेविच एका रक्ताचे समजू नयेत. त्यांची दाटी बेलारूस-लिथुआनियात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेकडे आणि पॅलेस्टाइनकडे ओघ लागला. हिब्रूत ‘ह’ आहे, तरी १९९०नंतर सोव्हिएत मुलखातून इस्रायलला गेलेल्या कितीतरी घरांनी ‘ग’च ठेवला. त्यामुळे आज तेल अवीवमध्ये होरोविट्सही राहतात आणि गुरेविचही.