योजनेत बसतं का?

नमस्कार श्रोतेहो.

नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात सकाळी आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारच्या मोफत उपचार योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलाजवळ जरा वेळ उभे राहा. समोर रांग असते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधार, एमआरआयची फिल्म. आणि प्रश्न एकच, "हे योजनेत बसते का जी?" आरोग्यमित्र कॉम्प्युटरकडे बघतो, दोन-चार बटणं दाबतो आणि बसतं की नाही ते सांगतो. मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते. त्या अनुभवावरून आज 'बसत नाही' या उत्तराबद्दल बोलणार आहे. सर्वांसाठी आरोग्यसेवा असं आपण म्हणतो, पण तिला हद्द ही असतेच. ती आखायची कुठं आणि आखायची कुणी?

आपल्याकडची ही योजना 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्यात होते, आपण नागपूरकर पुढच्या टप्प्यात आलो. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुलेंचं नाव मिळालं. सुरुवातीला पिवळं आणि केशरी कार्ड लागायचं, आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. 2023 च्या निर्णयानं पांढरं कार्डही आत घेतलं आणि मर्यादा पाच लाखांवर नेली. म्हणजे कुणाला आणि किती, या दोन्ही हद्दी चांगल्याच सरकल्या. सरकारचं त्याबद्दल कौतुक करायला माझी ना नाही.

पण तिसरी हद्द आहे तिथंच आहे. योजना सुरू होते ती खाटेवर. भरती झालात तर पैसे. ओपीडीत तपासून घरी गेलात तर तुमचं तुम्ही बघा. डिस्चार्जनंतर थोडे दिवस औषधं मिळतात, पुढं पुन्हा तुमचं तुम्ही.

सिकलसेलचं उदाहरण घ्या. पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत माहीत आहे. रोज हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल आणि अधूनमधून रक्ताची तपासणी, एवढं नियमित झालं तर पुष्कळ पोरं शाळेत जातात, खेळतात. सरकारी ओपीडीत ही कॅप्सूल फुकट मिळते, पण साठा असेल तेव्हा. नसेल तेव्हा 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी मिळते. मजुरी बुडवून, एसटीचं भाडं काढून आलेल्या बाईला चिठ्ठीचा काय उपयोग? कॅप्सूल बंद होते. मग एका रात्री पोराचे हातपाय असे दुखायला लागतात की बापाला धरवत नाही. तेव्हा भरती, सलाईन, रक्त. एक आई मला म्हणाली होती, "ताई, मंग याले आत्ताच भरती करून घ्या न. भरती झालं का औषध भेटते म्हन्ते." पोरगं तेव्हा तिच्या शेजारी उभं राहून बोरं खात होतं. हद्द चुकीच्या जागी आखली की माणसं अशी आजारी पडायची वाट बघतात. शुगर-बीपीचंही तेच. गोळ्या स्वतःच्या खिशातून. किडनी गेली की डायलिसिस मात्र योजनेत.

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, हे खरं. पण मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली मोठी सरकारी रुग्णालयं येतात वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, आणि त्यांना त्यातून वगळलं. रुग्णाला कुठं कळतं कोणती इमारत कोणत्या खात्याची?

आता आपल्या खास नागपुरी विषयाकडे येते. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून दिवसभर गालात ठेवायचा. तोंड उघडेनासं होतं, पुढं कॅन्सर. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं, याचा खर्च आम्ही का करायचा?" राग मला समजतो, कारण हा खर्च खरंच मोठा आहे. तरी ही हद्द मला मान्य नाही. आज खर्रावाला वगळला, तर उद्या वर्धा रोडवर बिनहेल्मेट पडलेला वगळाल, आणि परवा तर्री-पोह्यावर वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या हृदयाची चौकशी लावाल. शिवाय खर्रा चौदाव्या वर्षी लागतो आणि कॅन्सर चाळिशीत येतो. शिक्षा नेमकी कोणाला द्यायची?

राज्याच्या सीमेची हद्दही अशीच. शिवनी, छिंदवाडा, बालाघाटच्या लोकांना भोपाळपेक्षा नागपूर जवळचं. त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते इथं चालतं. नसेल तर महाराष्ट्राचं रेशनकार्ड ते कुठून आणणार? तातडीच्या रुग्णाबाबत मात्र वादाला जागाच नाही. बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं होतं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे आणि पैशाची अडचण हे सरकारचं उत्तर होऊ शकत नाही.

मग पैशाची अडचण हे उत्तर कधीच नसतं का? तर असतं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं कमी होती. किडनी सुधारण्याची किंवा बदलण्याची शक्यता असलेल्यांना आधी, असा त्यांचा नियम. त्यात न बसणारा एक रुग्ण थेट तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेला. 1997 मध्ये न्यायालयानं नियम ग्राह्य धरला आणि थोड्याच दिवसांत तो रुग्ण वारला. निकाल वाचताना पोटात तुटतं, पण नियम लिहिलेला होता, कारण सांगितलेलं होतं, आणि ते तपासायला एक दार होतं. थायलंडनं 2002 मध्ये सर्वांसाठी योजना आणली तेव्हा डायलिसिस मुद्दाम बाहेर ठेवलं. 2008 मध्ये ते आत घेतलं, तेही घरी पोटातून करायचं डायलिसिस आधी, असं ठरवून. 'नाही' कागदावर होतं, म्हणून त्याचं 'हो' करता आलं. आपल्याकडे 'नाही' तोंडी मिळतं. तक्रारीची सोय योजनेत आहे, पण तोंडी 'नाही'ची तक्रार कशाच्या आधारावर करायची? नकार मराठीत, कारणासह, सहीनिशी मिळाला पाहिजे. आणि कोणता उपचार यादीत घ्यायचा हे ठरवणाऱ्या टेबलावर डॉक्टर आणि हिशेबनीस यांच्याबरोबर रुग्णांच्या घरची माणसंही हवीत.

सगळ्यात अवघड प्रश्न. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार, झालेल्या बाळाचं सुमारे 16 कोटींचं इंजेक्शन. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात मदतीची मर्यादा 50 लाख आहे. आईबाप मोबाईलवर लोकांकडे पैसे मागतात, काहींना मिळतात, बहुतेकांना नाही. माझं मत विचाराल तर या किमतीला सरकारनं 'नाही' म्हणावं, आणि सगळ्या राज्यांनी एकत्र येऊन कंपनीशी किमतीची घासाघीस करावी. ज्या गावात शुगरची गोळी नियमित पोचत नाही, तिथली तिजोरी तेवढ्यात रिकामी करता येणार नाही.

पण इंजेक्शनला नाही म्हटलं की काम संपत नाही. त्या बाळाला श्वासाचं यंत्र लागेल, फिजिओथेरपी लागेल, रात्री दम लागला तर फोन उचलणारी नर्स लागेल. अखेरच्या महिन्यांतल्या कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन लागेल. हे सगळं घरी लागतं, खाटेवर नाही, आणि 16 कोटींच्या मानानं अगदी किरकोळ खर्चाचं आहे. आजच्या यादीत मात्र ते शोधून बघा.

नमस्कार.