यकृतपेशीचे पस्तीस मिलिव्होल्ट

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली काचेची सुई, शेजारी पडद्यावर सरळ रेष]

सुई पेशीत शिरते आणि शून्यावरची रेष झपकन खाली येते. उणे 35 मिलिव्होल्ट. हा पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमधला विद्युत फरक, म्हणजे विभव. चेतापेशीत हाच आकडा उणे 70 च्या आसपास असतो. यकृतपेशी त्या मानाने निवांत. पण या निम्म्या दाबावरही तिचा सगळा कारभार चालतो.

ही सुई म्हणजे ओढून निमुळती केलेली काचेची नळी. टोक एका मायक्रॉनहून बारीक, आत 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड. पेशी असते 20 ते 30 मायक्रॉनची. टोक जाड निघालं, की भोकाच्या कडेने आयन झिरपतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो. जिवंत प्राण्यात आणखी एक कटकट: श्वासपटलाबरोबर यकृतही हलतं. म्हणून नोंद कधी धरायची? रेष एकदम खाली आली, तिथे स्थिर राहिली आणि सुई काढल्यावर पुन्हा शून्यावर आली, तरच. बाकीच्या नोंदी सरळ टाकून द्यायच्या.

[दृश्य: पेशीपटलाचं रेखाचित्र]

आता उपाशी शरीर बघू. स्वादुपिंडातून निघालेलं ग्लुकॅगॉन हे संप्रेरक प्रवेशिका शिरेतून थेट यकृतात पोचतं. पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर फुटते, ग्लुकोज रक्तात जातं. पाठ्यपुस्तक बहुधा इथेच थांबतं. पण त्याच वेळी सोडियम-पोटॅशियम पंपाचा वेग वाढतो. हा पंप दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, म्हणजे प्रत्येक फेरीत एक धनभार बाहेर. पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते.

त्याचा उपयोग काय? नवं ग्लुकोज बनवायला कच्चा माल लागतो, आणि त्यातला एक मोठा माल म्हणजे स्नायूंतून आलेलं ॲलनिन हे अमिनो आम्ल. ते सोडियमचा हात धरून आत येतं. सोडियम धनभारित, त्यामुळे आत जितकं ऋण, तितकी ओढ जास्त. समजा विभव उणे 35 वरून उणे 42 झाला. फरक फक्त 7 मिलिव्होल्टचा, पण गणिताने ॲलनिन साठवण्याची मर्यादा सुमारे 30 टक्क्यांनी वाढते. गंमत अशी, की ॲलनिनबरोबर आलेला सोडियम हाच विभव पुन्हा शून्याकडे ओढतो. पंपाने तो वेळीच उपसला नाही, तर ओढही ओसरते.

इन्सुलिनची चाल वेगळी. ते पेशीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड ओढून घेतं. पंप सोडियम बाहेर काढतो, पोटॅशियम आतच राहतं, मागोमाग पाणी शिरतं आणि पेशी किंचित फुगते. फुगलेली पेशी प्रथिनं मोडणं कमी करते. ग्लुकॅगॉनने उलट ती आकसते आणि मोडतोड वाढते. विभवापेक्षा आकारमानच इथे जास्त बोलकं आहे.

[दृश्य: अतिदक्षता विभाग, सलाइन]

रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला गेलं, की डॉक्टर इन्सुलिनच्या पोटॅशियम आत ओढण्याच्या याच गुणाचा वापर करतात: साधारण 10 युनिट साधं इन्सुलिन आणि सोबत 25 ग्रॅम ग्लुकोज, शिरेतून. पोटॅशियम यकृत आणि स्नायूंच्या पेशींत सरकतं. नंतरचे काही तास रक्तातली साखर वरचेवर तपासावी लागते, कारण दिलेलं ग्लुकोज इन्सुलिनच्या आधी संपू शकतं. आणि पोटॅशियम शरीराबाहेर गेलेलंच नसतं. 4 ते 6 तासांत ते पुन्हा रक्तात उतरू लागतं.