आधी डावा पाय, मग स्टेअरिंग

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मोटार शिकताना भीती कशी घालवावी : २१ दिवसांचा क्रम'. तो क्रम मी सांगणारच आहे. पण त्याआधी क्लचबद्दल, म्हणजे डाव्या पायाखालच्या पेडलबद्दल, थोडं बोलू द्या, कारण क्लच पायात बसला नाही तर तो क्रम कागदावरच राहतो.

एक विचारतो. लायसन खिशात आहे, गाडी दारात आहे, आणि तरी चालवायची म्हटलं की पोटात गोळा येतो, असे किती जण आहेत? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह. तिसऱ्या रांगेतल्या काकूंनी तर स्वतःचा आणि शेजारच्या काकांचाही हात वर केलाय. असू दे काका, आज तुमच्यासाठीच बोलतोय.

भीती कशाची, असं विचारलं की उत्तर येतं हायवेची, ट्रकची, स्पीडची. जरा खोदून विचारलं की वेगळंच निघतं. आपल्या कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नल हिरवा झाला, क्लच सोडला, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. मागे केएमटीची बस, तिच्यामागे रिक्षा, दोन्ही अंगांनी मोटारसायकली, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. भीती आहे ती या जागेची. गाडी उभी असते तिथपासून ती पाच मीटर पुढे जाईपर्यंतची. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला हे पाच मीटर हवे तितके हळू जाता येतं, मधेच थांबता येतं आणि पुन्हा निघता येतं, त्याची बाकीची बरीचशी भीती आपोआप गळून पडते. हे काम डाव्या पायाचं आहे. आपल्याकडे शिकवणं मात्र स्टेअरिंगपासून सुरू होतं.

दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरा. धरा, धरा, लाजू नका. उजवा तळहात म्हणजे इंजिनाकडची जड चकती, फ्लायव्हील. इंजिन चालू आहे तोवर ती फिरतेच आहे. गाडी उभी असली तरी मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे. डावा तळहात म्हणजे क्लच प्लेट, ती गिअरबॉक्समधून चाकांना जोडलेली. पेडल तळाशी दाबलं की दोन्ही तळहात सुटे. पेडल पूर्ण सोडलं की घट्ट चिकटलेले. मधे एक टप्पा असा येतो, की दोन्ही एकमेकांवर घासतात आणि घसरता घसरता चाकांना थोडी थोडी ताकद देतात. तो हाफ क्लच. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत वाहनांची कास्टिंग्ज ओतणारी मंडळी इथे बसली आहेत, त्यांना ही रचना नवी नाही. पण क्लच प्लेट हातात धरलेला माणूससुद्धा पायानं हा टप्पा शोधताना अडखळतो, कारण तो पेडलच्या प्रवासात जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा असतो. त्याच्या खाली पाय भरभर आला तरी चालतो. त्या दोन-तीन सेंटीमीटरांत पाय झटक्यात सुटला, तर फिरत्या चकतीवर उभ्या गाडीचा सगळा भार एकदम येतो, फेरे कोसळतात आणि इंजिन बंद पडतं. छोट्या पेट्रोल इंजिनात हे लवकर होतं. डिझेलला कमी फेऱ्यांवर जोर जास्त, म्हणून ते थोडं सांभाळून घेतं.

आता माझी मुख्य तक्रार. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. ते असायलाच हवेत, त्यानं अपघात टळतात, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्या दिवशी काय होतं ते आठवा. विद्यार्थी बसला, गाडी सुरू झाली, आणि दहाव्या मिनिटाला तो सायबर चौकातून गाडी नेतोय. घरी जाऊन सांगतो, "पहिल्याच दिवशी रोडवर काढली!" त्याच्या हातात फक्त स्टेअरिंग होतं. निघताना क्लच शेजारच्या पायानं सोडला, गतिरोधकाला त्याच पायानं दाबला, सिग्नलला ब्रेकही त्यानंच मारला. विद्यार्थ्याचा पाय पेडलवर होता, पण पेडल आपोआप खाली-वर होत होतं. असे वीस दिवस जातात. एकविसाव्या दिवशी घरची गाडी काढतो, शेजारी पेडल नाहीत, आणि गाडी फाटकातच तीनदा बंद पडते. त्याला वाटतं, आपल्याला जमतच नाही. अहो, न जमायला ते कधी करायलाच मिळालं नव्हतं! त्या माणसाचा आत्मविश्वास इथे मोडतो, आणि दोष तो स्वतःला देतो. मला राग येतो तो या गोष्टीचा.

त्यात आणखी एक भर. शिकवायची गाडी जुनी, तिचा क्लच झिजलेला, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत हाफ क्लच अगदी वर, पाय जवळजवळ पूर्ण सुटल्यावर येतो. नव्या गाडीत तो खाली येतो. जुन्या सवयीनं पाय वरपर्यंत भरकन आला की टप्पा केव्हाच निसटून गेलेला असतो. म्हणून गाडी बदलली, मग ती मेहुण्याची असो की भाड्याची, की पहिली पाच मिनिटं मोकळ्या जागेत फक्त टप्पा शोधायला द्या. अनुभवी माणसानंही द्यावीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांत ड्रायव्हिंग स्कूलसाठी हलक्या गाडीचं शिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं सांगितलंय. भागाकार करा, दिवसाला अर्धा तासही येत नाही. त्यात गाडीत तीन विद्यार्थी, एकाला उतरवायला कळंब्याला आणि दुसऱ्याला घ्यायला राजारामपुरीत. तेव्हा पैसे भरताना दोन गोष्टी तोंडावर विचारा. माझ्या पायानं चालवायचे १० तास मिळणार का? आणि पहिले तीन दिवस तुम्ही क्लचला पाय न लावता मोकळ्या जागेत शिकवणार का? चांगला शिकवणारा हो म्हणतो. असे लोक कोल्हापुरात आहेत, शोधा.

घरच्या गुरूंबद्दलही बोलायला हवं. वडील, नवरा, मोठा भाऊ. शिकाऊ लायसनवर चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस लागतो, आणि त्याला गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा, असा नियम आहे. घरच्या गाडीत त्याच्या हाताशी काय असतं? हँडब्रेक, तोही दोन सीटांच्या मधे असला तर. म्हणून हात हँडब्रेकजवळ ठेवा आणि तोंड बंद. बोलायचे शब्द तीनच: डावीकडे, उजवीकडे, थांब. "अगं अगं अगं" हा शब्द नाही, त्यातून कुठला पाय दाबायचा ते कळत नाही. ओरडलं की शिकणारा दचकतो आणि त्याचे दोन्ही पाय वर येतात. क्लच सुटतो, ब्रेकही सुटतो, आणि गाडी नेमकी तेव्हा पुढे उडी मारते. मागच्या सीटवर मुलं, आजी, शेजारीण कुणीही नको. गाडीच्या मागे आणि पुढे पांढऱ्यावर लाल एल, १८ सेंटीमीटर चौरस पाटी. ती लावायला लोक संकोचतात. उलट तिचा फायदाच आहे. पाटी दिसली की मागचा जरा अंतर ठेवतो.

आता बंद पडण्याची भीती. यावर उपाय एकच, गाडी मुद्दाम बंद पाडायची. हसू नका, खरंच सांगतोय. मोकळ्या जागेत पहिला गिअर टाका, क्लच पटकन सोडा, बंद पडू द्या. मग क्रम असा: ब्रेक दाबा, क्लच तळाशी, चावी, पुन्हा हाफ क्लच, ब्रेक सोडून निघा. सवय झाली की याला पाचेक सेकंद लागतात. एका बैठकीत दहा वेळा करा. मग सिग्नलला बंद पडली तरी पायाला पुढचं काम माहीत असतं. हॉर्न वाजतील, वाजू द्यात. हॉर्न ऐकून घाईनं पाय सोडला तर ती दुसऱ्यांदा बंद पडते, आणि गाडी सोडून द्यायला लावते ती बहुतेक दुसरी वेळ.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिली. क्लचनं वेळ खाल्ला. आता क्रम भराभर सांगतो. वही असेल तर लिहून घ्या.

बसणं आधी. क्लच तळाशी दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट पुढे घ्या. छाती आणि स्टेअरिंग यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं, एअरबॅगसाठी. उंची कमी असेल तर सीट वर करा, नाहीतर खाली घट्ट उशी घ्या. पातळ तळव्याचे बूट घाला. चप्पल निसटून पेडलखाली जाते, पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकखाली अडकते, सैल मॅट पेडलवर चढते. साडी, ओढणी गुडघ्याच्या वर खोचून घ्या.

पहिला आठवडा ॲक्सिलरेटर नाही. उजवा पाय फक्त ब्रेकचा. जागा सपाट आणि मोकळी घ्या, पहाटे शेंडा पार्काकडे किंवा एखाद्या मैदानावर, मालकाला विचारून. पहिला गिअर, क्लच इतका सावकाश सोडा की गाडी स्वतःहून हलेल. हलली की पाय तिथेच दोन सेकंद धरा, मग उरलेला सोडा. गाडी ताशी सहा-आठ किलोमीटरनं, भरभर चालणाऱ्या माणसाइतकी जाते. थांबा, पुन्हा करा. रोज तीस-चाळीस वेळा. चौथ्या दिवसापासून चुन्यानं एक-एक मीटरवर रेघा मारा आणि प्रत्येक रेघेवर थांबा. महाद्वार रोडच्या गर्दीत हेच लागणार आहे. शेवटचे दोन दिवस रिव्हर्स, तोही फक्त क्लच-ब्रेकवर. डावीकडचं चाक कुठे आहे हे कळत नाही म्हणून लोक उजवीकडे सरकतात. त्यासाठी जमिनीवर चपटा पुठ्ठा टाका आणि डावं पुढचं चाक त्याच्यावरून न्या. चुकलं की उतरून बघा, किती आत, किती बाहेर. पंधरा-वीस खेपांत डोळ्याला कळायला लागतं.

दुसरा आठवडा शांत कॉलनीतले रस्ते. फक्त डावी वळणं घेत चौकोनात फिरा, कारण डाव्या वळणाला समोरची वाहतूक कापावी लागत नाही. दुसरा, तिसरा गिअर. नजर बोनेटवर नको. ताशी ३० ला गाडी सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते, म्हणून नजर ८०-१०० मीटर पुढे. अरुंद जागेतून जाताना उभ्या गाडीकडे बघू नका, मोकळ्या जागेकडे बघा. जिथे बघाल तिथेच हात वळतात. खांदे कानाकडे चढले की श्वास सोडा आणि पकड ढिली करा. आखडलेल्या हातांनी स्टेअरिंग तुकड्यातुकड्यांत वळतं.

तिसरा आठवडा चढ. परीख पुलाखालून वर येताना रांग थांबली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर थोडा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दीड हजाराच्या आसपास. क्लच सोडत आणा. इंजिनचा आवाज दबला आणि बोनेट किंचित उचललं की टप्पा आला. आता हँडब्रेक सोडा. मागे सरकणार नाही. पण हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरू नका. क्लच तापतो, जळका वास येतो आणि प्लेट लवकर जाते. हे टेंबलाईच्या चढावर रहदारी नसताना शिका. नव्या पुष्कळ गाड्यांत हिल होल्ड आहे, ते ब्रेक दोनेक सेकंद धरून ठेवतं. ते आहे म्हणून ही रीत सोडू नका. त्याच आठवड्यात सिग्नल, उजवं वळण आणि शेवटी एकदा बाजाराची वेळ.

पन्हाळा घाट २१ दिवसांत नको. पुढच्या महिन्यात जा, सकाळी. ज्या गिअरनं चढावं लागलं असतं त्याच गिअरनं उतरा. न्यूट्रल टाकून उतरलात तर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची.

आणि ऊस. गळीत हंगामात कागल, शिरोली, राधानगरी, कुठलाही रस्ता धरा, दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर भेटणारच. पुष्कळांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस बाजूनं बाहेर आलेला. पहिल्या हंगामात रात्री बाहेरगावी गाडी नेऊ नका. दिवसा ट्रॉली पुढे आली तर इतकं मागे राहा की तिच्या पुढचा रस्ता दिसेल. लांबी ट्रॅक्टरची धरू नका, दोन्ही ट्रॉल्या मिळून धरा. वळणावर मागची ट्रॉली आत ओढली जाते, तिथे तिच्या कडेला अडकू नका. समोर सरळ, रिकामा रस्ता दिसला तरच पुढे जा, आणि दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर आरशात पूर्ण दिसेपर्यंत डावीकडे येऊ नका.

ऑटोमॅटिक गाडीचे प्रश्न बरेच आलेत असं आयोजक सांगतायत. आधी तेच घेऊ.