आलात कसे, ते कोर्ट विचारत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

१८८३ साली पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीचा एक माणूस पेरू देशाच्या कायाओ बंदरात उतरला. शिकागोतल्या एका पेढीत अफरातफर करून पळालेला फ्रेडरिक केर हा इसम लिमा शहरात लपला होता आणि त्याला परत न्यायचं काम या माणसाकडे होतं. सगळी कागदपत्रं त्याच्याजवळ होती. प्रत्यार्पण करारानुसार केलेली मागणी होती, वर राष्ट्राध्यक्षांचं अधिकारपत्रही होतं. अडचण एवढीच की लिमा त्या वेळी चिलीच्या सैन्याच्या ताब्यात होतं. कागद दाखवायचे तरी कोणाला? त्याने ते कोणालाच दाखवले नाहीत. सरळ केरला धरलं, एसेक्स या अमेरिकी जहाजावर चढवलं, होनोलुलूला नेलं, तिथून दुसऱ्या बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला आणि पुढे शिकागोला. आरोपीचं आडनाव केर होतं म्हणून मराठीत म्हणायला हरकत नाही, केरचे कागद केरात गेले.

केरने कोर्टात तक्रार केली की मला पळवून आणलंय. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८८६ साली निकाल आला: तुला कसं आणलं यामुळे तुझ्यावर खटला चालवायचा आमचा अधिकार जात नाही. तुला पळवणाऱ्यावर तू नुकसानभरपाईचा दावा लाव. पेरूला वाटलं तर त्याने त्या माणसाची मागणी करावी. तुझा खटला मात्र चालेल.

हे सूत्र ऐकून मराठी श्रोत्यांना मार्सेल आठवलं असेल, आणि ते बरोबरच आहे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मोरिया बोटीतून समुद्रात उडी घेतली, फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोचले, तिथे फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि कुठलीही प्रत्यार्पणाची प्रक्रिया न करता इंग्रज पहाऱ्याच्या हवाली केलं. फ्रान्सने त्यांना परत मागितलं. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा दिला. अटकेत आणि हवाली करण्यात अनियमितता झाली, हे मान्य केलं. पण तेवढ्यावरून ब्रिटनने कैदी परत द्यावा असं बंधन नाही, असंही सांगितलं. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हे दोन्ही खटले शेजारी शेजारी असतात.

आता येऊ या ५ जानेवारी २०२६ या दिवसाकडे. मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात ९२ वर्षांचे न्यायाधीश अल्विन हेलरस्टाइन बसले होते आणि समोर होते व्हेनेझुएलाचे निकोलास मादुरो आणि त्यांच्या पत्नी सिलिया फ्लोरेस. दोन दिवस आधी, ३ जानेवारीला पहाटे, अमेरिकी सैन्याने कराकसमध्ये घुसून दोघांना उचललं होतं. क्युबाने आपली ३२ माणसं त्यात मेल्याचं जाहीर केलं. मादुरो दुभाष्यामार्फत सांगू लागले की मी माझ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष आहे, मला घरातून पकडून आणलंय. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं; या गोष्टी मांडायला पुढे वेळ आहे, आज फक्त ओळख पटवायची आणि गुन्हा कबूल आहे की नाही ते सांगायचं. मादुरो म्हणाले, कबूल नाही.

बातम्यांमध्ये या प्रसंगाची दोन चित्रं रंगली. काहींना तो न्यायाचा विजय वाटला, तर काहींना उघडउघड दरोडा. दोघांनाही एक साधा तपशील नजरेआड झाला. हा खटला कोर्टात टिकतो की नाही, हे त्या रात्रीच्या विमानांवर ठरणार नाही. ठरेल ते कागदांवर, साक्षीदारांवर आणि गुप्त फायलींवर. कसं, ते जरा जवळून बघू.

सुरुवात होते ग्रँड ज्युरीपासून. हे १६ ते २३ सामान्य नागरिक असतात. खोलीत सरकारी वकील असतो, साक्षीदार असतो. न्यायाधीश नसतो आणि आरोपीचा वकीलही नसतो. बारा जणांनी होकार दिला की आरोपपत्र तयार. अमेरिकेत पाऊल न ठेवलेल्या माणसावरही ते दाखल होऊ शकतं, कारण तिथल्या अमली पदार्थ कायद्यात एक कलम असं आहे की माल अमेरिकेत येणार हे माहीत असताना जगात कुठेही तो बनवला किंवा दिला तरी गुन्हा होतो. वर कटाचा आरोप लावला की प्रत्यक्ष माल सापडायचीही गरज उरत नाही, संगनमत सिद्ध झालं तरी पुरतं. पाच किलो किंवा जास्त कोकेन असेल तर किमान शिक्षा दहा वर्षं. त्याला दहशतवादी संघटनेला मदत केल्याचं कलम जोडलं की किमान वीस, कमाल जन्मठेप. मादुरो यांच्यावर असे चार आरोप आहेत. त्यातले दोन मशीनगन आणि स्फोटक शस्त्रांबद्दलचे.

पहिलं आरोपपत्र मार्च २०२० मध्ये जाहीर झालं. ते जाहीर करणारे ॲटर्नी जनरल होते विल्यम बार. हे नाव लक्षात ठेवा. २१ जून १९८९ रोजी हेच बार न्याय खात्याच्या कायदेशीर सल्ला विभागाचे प्रमुख होते आणि त्यांनी एक टिपण लिहिलं होतं: एफबीआयने परदेशात जाऊन केलेली अटक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध असली, तरी अमेरिकेच्या अंतर्गत कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष तसा आदेश देऊ शकतात. त्याच विभागाचं १९८० सालचं मत नेमकं उलट होतं. ते बाजूला सारलं गेलं. सहा महिन्यांनी, २० डिसेंबर १९८९ ला, अमेरिकी फौजा पनामात उतरल्या.

पनामाचे लष्करशहा मॅन्युएल नोरिएगा यांच्यावर फेब्रुवारी १९८८ मध्ये मायामीत आरोपपत्र दाखल झालेलं होतं. कोलंबियातल्या मेदेयिन या कोकेन तस्करांच्या टोळीकडून ४६ लाख डॉलर घेऊन पनामाचे विमानतळ तिच्या मालाला मोकळे केले, असा आरोप. आक्रमणानंतर नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत जाऊन बसले. बाहेर अमेरिकी सैनिकांनी कर्णे लावून कर्कश रॉक संगीत वाजवलं. ३ जानेवारी १९९० ला ते बाहेर आले. सैनिकांनी त्यांना विमानतळावर नेलं, पण रीतसर अटक केली ती अमली पदार्थविरोधी खात्याच्या माणसांनी. १८७८ च्या एका कायद्याने सैन्याला पोलिसी कामापासून लांब ठेवलंय, म्हणून कागदावर अटक करणारा हात पोलिसी खात्याचा हवा. मादुरोंच्या बाबतीतही सरकारने हाच शब्दप्रयोग केला: ही कायदा राबवण्याची कारवाई, सैन्य फक्त मदतीला.

या धावपळीत फजितीही होते. नोरिएगांच्या एका घरात पन्नास किलो कोकेन सापडल्याचं अमेरिकी लष्कराने थाटात जाहीर केलं. तपासलं तर निघाले तमाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे पदार्थ, आपल्या पातोळ्यांचे लांबचे नातेवाईक म्हणा.

मायामीतला खटला सप्टेंबर १९९१ मध्ये उभा राहिला. नोरिएगांचे वकील तीन दारं ठोठावून आले. तीच तीन दारं आता मादुरोंच्या वकिलांसमोर आहेत.

पहिलं दार: पळवून आणलंय. इथे केरचा निकाल आडवा येतो, आणि तोच नियम पुन्हा पक्का करणारा १९५२ चा फ्रिस्बी खटलाही. शिवाय १९९२ चा निकाल आहे. मेक्सिकोतल्या एका डॉक्टरला, अमेरिकी अधिकाऱ्याच्या छळात हात असल्याच्या संशयावरून, पैसे देऊन नेमलेल्या माणसांनी ग्वादालाहाराहून उचलून टेक्सासला आणलं होतं. प्रत्यार्पण करार असतानाही हे चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटलं. पुढची गंमत बघा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष खटला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनी पुराव्याअभावी त्या डॉक्टरला सोडून दिलं. आणायला अडचण आली नाही, सिद्ध करायला आली. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने १९७४ मध्ये एक फट ठेवलेली आहे: पकडताना अमेरिकी हस्तकांनी अमानुष छळ केला असेल तर कोर्ट खटला चालवायला नकार देऊ शकतं. पण वर्षभरातच ती फट इतकी अरुंद केली गेली की त्यातून कोणी पार पडणं मुश्कील.

दुसरं दार: मी राष्ट्रप्रमुख आहे, माझ्यावर परक्या कोर्टात खटला चालत नाही. हे तत्त्व जगभर मान्य आहे. पण राष्ट्रप्रमुख कोण, हे अमेरिकी कोर्ट स्वतः ठरवत नाही. व्हाइट हाउस ज्याला मान्यता देतं त्यालाच ते मानतं. मान्यता देण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षांचा, हे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. नोरिएगांना मान्यता नव्हती, मादुरोंची जानेवारी २०१९ मध्ये काढून घेतली गेली. म्हणजे ज्या सरकारने आरोपी धरून आणला, तेच सरकार सांगणार की तो राष्ट्रप्रमुख होता की नव्हता. माझ्या मते या खटल्यातली सर्वांत कच्ची वीट हीच आहे, कारण मादुरो गेल्यावर कराकसमध्ये त्यांच्याच उपराष्ट्राध्यक्ष देल्सी रॉड्रिगेझ यांनी शपथ घेतली आणि वॉशिंग्टन त्यांच्याशी तेलाचे व्यवहार बोलू लागलं. नेमणारा खोटा आणि त्याने नेमलेली उपराष्ट्राध्यक्ष खरी, हे बचावाचे वकील कोर्टाला वारंवार ऐकवतील. कायद्याने त्यांना फार काही मिळेल असं वाटत नाही, पण ज्युरीतल्या माणसांनाही कान असतात.

तिसरं दार सगळ्यांत जड: गुप्त कागद. नोरिएगा वर्षानुवर्षं सीआयएच्या पगारावर होते. सरकारने कबूल केलं की सीआयए आणि लष्कराने मिळून त्यांना सुमारे ३ लाख २० हजार डॉलर दिले; नोरिएगा म्हणाले, एक कोटीच्या आसपास. अशा खटल्यांत आरोपी धमकावू शकतो: मला सोडा, नाहीतर तुमची गुपितं कोर्टात काढतो. त्यावर उतारा म्हणून १९८० मध्ये एक कायदा झाला. बचाव पक्षाने कुठलं गुपित वापरायचंय ते आधी लेखी कळवायचं. मग बंद दाराआड सुनावणी. न्यायाधीश मूळ कागदाऐवजी त्याचा सारांश वाचायला परवानगी देऊ शकतात. आणि कागद हवाच असं ठरलं व सरकारने तो देण्यास नकार दिला, तर तो आरोपच रद्द होऊ शकतो. नोरिएगांना किती, कधी आणि कोणी पैसे दिले हे मांडायची मुभा मिळाली. कशासाठी दिले, हे मात्र ज्युरीसमोर येऊ दिलं नाही.

उरतात साक्षीदार. नोरिएगांविरुद्ध उभे राहिले ते बहुतेक स्वतः तस्कर, शिक्षा कमी करून घेणारे. त्यातला कार्लोस लेदर तर जन्मठेप अधिक १३५ वर्षं भोगत होता. साक्षीनंतर ती ५५ वर्षांवर आली. माफीचे साक्षीदार बरंच सांगतात, पण त्यांच्या बोलण्याला किंमत किती लावायची, हे ज्युरीला जमावं लागतं. ९ एप्रिल १९९२ ला नोरिएगा दहापैकी आठ आरोपांत दोषी ठरले. शिक्षा ४० वर्षं, नंतर ३०. त्यांना युद्धकैदी मानलं गेल्याने तुरुंगात गणवेशाचा मान मिळाला. चांगल्या वागणुकीची सूट धरून २००७ मध्ये अमेरिकेतली शिक्षा संपली. मादुरोंना तेवढी सवलत नाही. नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना पॅरोलच उरलेला नाही. सूट वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस.

मादुरोंच्या खटल्यात साक्षीला कोण येईल? व्हेनेझुएलाच्या लष्करी गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख उगो कार्वाहाल यांनी जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच गुन्हा कबूल केलाय. त्यांच्याकडे सगळ्यांची नजर आहे. एक बदलही लक्षात घ्यावा. २०२० च्या आरोपपत्रात 'कार्टेल दे लोस सोलेस' ही एक बांधीव टोळी असल्यासारखी मांडली होती आणि मादुरो तिचे म्होरके. ३ जानेवारीला उघड केलेल्या सुधारित आरोपपत्रात तेच नाव लाचखोर अधिकाऱ्यांच्या साखळीला दिलंय. भाषणात टोळी म्हणणं सोपं असतं. कोर्टात टोळी म्हटलं की तिची रचना, हुद्दे आणि हिशेब दाखवावे लागतात.

पैशाचाही पेच आहे. मादुरोंवर २०१७ पासून आर्थिक निर्बंध आहेत, म्हणून त्यांच्या वकिलाला फी घ्यायची तरी अमेरिकी अर्थखात्याचा परवाना लागतो. नोरिएगांची खाती गोठवली होती तेव्हा वकिलांच्या फीवरूनच कित्येक महिने गेले होते.

आता तुलनेसाठी एकच नाव. होंडुरासचे माजी राष्ट्राध्यक्ष हुआन ओर्लांडो हर्नांडेझ. यांना कोणी रात्री उचललं नाही. अमेरिकेने मागणी केली, होंडुरासच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, एप्रिल २०२२ मध्ये विमानात बसवून पाठवलं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात नागरिकांचं प्रत्यार्पण करता यावं म्हणून होंडुरासची घटना दुरुस्त झाली होती २०१२ साली, आणि तेव्हा तिथल्या संसदेचे अध्यक्ष हर्नांडेझच होते. मादुरोंवर आरोप ठेवणाऱ्या त्याच सरकारी वकिलांच्या कार्यालयाने, त्याच मॅनहॅटनमध्ये, त्यांच्यावर खटला चालवला. मार्च २०२४ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं. जून २०२४ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा.

केरच्या बाबतीत खिशातच राहिलेले ते सगळे कागद इथे रीतसर दाखवले गेले होते. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हर्नांडेझना पूर्ण माफी दिली आणि ते वेस्ट व्हर्जिनियाच्या तुरुंगातून बाहेर पडले. त्यानंतर पाच आठवडेही उलटले नव्हते, तोच कराकसवर विमानं आली.

नमस्कार.