सगळ्यांचं झालं, मग तुम्ही काय खाल्लंत?

नमस्कार मैत्रिणींनो. आणि सकाळी ओट्यापाशी उभं राहून हा कार्यक्रम ऐकणाऱ्या दादांनो, काकांनो, तुम्हालाही नमस्कार.

आत्ता तुमच्या घरात काय चाललं असेल ते मला इथे बसून दिसतंय. नळाचं पाणी जायच्या आत पिंप भरायचंय, कुकरची दुसरी शिट्टी झालीय, कुणाचा तरी शाळेचा एकच मोजा सापडलाय. हातातलं काम थांबवू नका. काम करता करताच ऐका.

मी भांडुपची. गेली बावीस वर्षं सकाळची धीमी लोकल धरून सीएसएमटीला कामाला जाते. बायकांच्या डब्यात आमचा आठ-दहा जणींचा ग्रुप आहे. ठाण्याला चढणाऱ्या दोघी आमच्यासाठी जागा धरतात आणि घाटकोपर गेलं की पर्समधले डबे बाहेर येतात. आज नाश्त्यावर बोलायचं ठरलं, तेव्हा म्हटलं, एकटीच्या घरचं काय सांगणार, ग्रुपलाच विचारू. पंधरा दिवस मी प्रत्येकीला दोन प्रश्न विचारले. आज सकाळी घरी काय केलंस? आणि तू काय खाल्लंस?

पहिल्या प्रश्नाला सगळ्या एकदम बोलायला लागल्या. चेंदणी कोळीवाड्यातल्या ताई म्हणाल्या, आमच्याकडे पोह्या-उपम्याने कुणाचं भागत नाही, तांदळाची गरम भाकरी आणि रात्रीचं कालवण. मुरलेलं कालवण सकाळी जास्त लागतं, हे त्यांनी असं सांगितलं की डब्यातल्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. सोलापूरची वहिनी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करते, वर शेंगाचटणी. जळगावची मैत्रीण कळण्याची भाकरी आणि ठेचा करते, पण नवरा मुंबईचा, त्याला आठवड्यातून दोनदा इडली लागते, म्हणून रात्री पीठ वाटून ठेवते. नागपूरच्या मुलीने तर्री-पोह्यांचं नाव काढलं आणि तिथे वाद पेटला, कारण दादरच्या काकूंच्या मते पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड याच्यापलीकडे काही घालणं हा पोह्यांवर अन्याय आहे. हा वाद कुर्ल्यापासून दादरपर्यंत चालला. काकू उतरल्या म्हणून थांबला.

पोह्यांबद्दल मात्र काकूंकडून मी एक गोष्ट शिकले, ती सांगतेच. पेणचे जाडे पोहे घ्यायचे, धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे. मीठ आणि चिमूटभर साखर फोडणीत टाकायची नाही, त्या निथळलेल्या पोह्यांनाच हलक्या हाताने चोळून ठेवायची. कांदा चिरून होईस्तोवर पोहे फुलतात आणि मीठ आतपर्यंत जातं. मग तेलात आधी दाणे तळून बाजूला काढा, त्याच तेलात मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता, कांदा. हळद घातल्यावर पोहे परतायचे, झाकण ठेवायचं आणि गॅस अगदी बारीक करायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले की पोहे झाले. त्याआधी झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. पोहे कोरडे होतात ते वाफेआधी काढले म्हणून. माझी निम्मी हयात वरून पाण्याचा हबका मारण्यात गेली, त्याची गरजच नव्हती.

आता दुसरा प्रश्न. तू काय खाल्लंस?

डब्यात एकदम शांतता. मग एक म्हणाली, चहा. दुसरी म्हणाली, चहा आणि दोन बिस्किटं. तिसरीने मुलीने टाकलेला अर्धा डोसा उभ्याउभ्या खाल्ला होता, कारण टाकवत नाही. ज्यांनी मुरलेल्या कालवणाचं इतकं सुरेख वर्णन केलं, त्या ताईंच्या वाट्याला कालवण उरलंच नव्हतं. त्यांनी भाकरीचा कडेचा तुकडा चहात बुडवून खाल्ला होता. साडेचारला उठून दोन प्रकार करणाऱ्या बायका, आणि दहा जणींपैकी घरच्या नाश्त्याची बशी घेऊन बसलेली एकही नाही. मी धरून.

त्या दिवशी मला आई आठवली. माझं माहेर लालबागचं, चाळीतलं. आई खानावळ चालवायची. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेले दहा-बारा गिरणीकामगार आमच्याकडे जेवायचे. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणून आई चारला स्टोव्ह पेटवायची आणि भोंगा व्हायच्या आत सगळ्यांच्या पुढ्यात चपाती-भाजी आणि चहा. गिरणगावात अशा कितीतरी बाया होत्या, आणि सामान भरायला सावकाराकडून कर्ज काढायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १९८२ साली संप झाला. जेवायला येणारे एकेक करून गावी गेले, आणि आमच्या खोलीतली ती पहाटेची गडबड थांबली.

पण मला आठवतं ते हे, की कामगार गेले, आम्ही भावंडं शाळेला निघालो, रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्याही संपल्या, की आई पातेलं मांडीवर घेऊन बसायची आणि कालथ्याने भाताची खरवड काढायची. तेवढाच तिचा नाश्ता. मी विचारलं तर म्हणायची, मला खरवडच आवडते गं. मी लहान होते, माझा विश्वास बसला. पुढे बरीच वर्षं मीही घरात सांगत आले की मला चहाच पुरतो. आई गेल्याला आता नऊ वर्षं झाली. तिला खरंच खरवड आवडायची का, हे मी तिला मोठेपणी एकदा नीट बसून विचारायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी परळ स्टेशनच्या जिन्यात मला अंधारी आली. तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, आणि विचारलं, सकाळी काय खाता? मी म्हटलं, चहा. त्या म्हणाल्या, आणि अकरा वाजता डबा खाताना? म्हटलं, त्याच्यासोबतही चहाच. तेव्हा त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते. चहात टॅनिन असतं, त्याच्यामुळे अन्नातलं लोह अंगाला नीट लागत नाही. म्हणून चहा खाण्याबरोबर घ्यायचा नाही, तास-दीड तासाचं अंतर ठेवायचं. लिंबाचं बरोबर उलटं. लिंबातलं सी जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली जुनी रीत चवीपुरती नाही, बघा. मोड आलेले मूग, मटकी यांच्यावरही पिळा. नाचणीची आंबील घेत असाल तर तीही चहाच्या आधी घ्या, चहासोबत नको.

आमच्या डब्यात आता एक पद्धत पडलीय. घरी जे केलं असेल त्यातलं पहिलं वाढप स्वतःच्या डब्यात भरायचं. उरलेलं भरायचं नाही. नवऱ्याची, मुलांची बशी त्याच्यानंतर. पहिले दोन दिवस जड गेलं, खोटं कशाला सांगू. कोळीवाड्यातल्या ताईंना तर चोरी केल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी सुकटीचं कालवण आणलं, भाकरीच्या घडीत भरून, आणि दादर येईपर्यंत एकीलाही दिलं नाही. आम्ही कुणी मागितलंही नाही.

रविवारी गाडी नसते, म्हणजे माझी नसते. त्या दिवशी मी घावनं करते. सासरचं माणूस कणकवलीचं, त्यामुळे बिडाचा तवा घरात आहेच. तांदळाचं पीठ, मीठ आणि पाणी, ताकासारखं पातळ. दर वेळी पळी बुडवण्याआधी तळापासून ढवळायचं, कारण पीठ खाली बसतं. तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं, तवा चांगला तापू द्यायचा, आणि पीठ कडेकडून आत ओतत यायचं. पळीने पसरायचं नाही. चर्र आवाज झाला पाहिजे, तरच जाळी पडते. पहिलं घावन बहुतेक वेळा तव्याला धरतं, तुटतं. आणि इतकी वर्षं ते तुटकं घावन बशीत न घेता, उलथन्यावरूनच मी तोंडात टाकत आले.

गेल्या रविवारी पहिलं तुटलं ते बाजूला ठेवलं. दुसरं छान आलं, जाळीदार, कडा उचललेल्या. ते बशीत घेतलं, वाटीत गुळाचा नारळरस घेतला आणि गॅस बंद करून टेबलापाशी बसले. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. तो बशीकडे बघून म्हणाला, आई, हे माझं ना?

मी म्हटलं, हे माझं. तवा तापलेला आहे, पीठ तिथेच झाकून ठेवलंय. ढवळून घे फक्त.

त्याचं पहिलं तुटलं. दुसरं बरं आलं.

नमस्कार.