कानबाईचं गाणं नेमकं कोणाच्या नावावर?

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरोघरी कानबाई देवी बसते, नैवेद्याचे रोट होतात, भाऊबंद एका घरात जमतात आणि रात्री बाया गाणी म्हणायला बसतात. जरा नीट ऐका. एक जण ओळ धरते, दुसरी ती उचलते, तिसरी मधेच आपल्या नणंदेचं नाव घुसवते, सगळ्या खो खो हसतात आणि गाणं पुढं सरकतं. कोणी रचलं विचारलं तर म्हणतील, आमची आजी म्हणायची.

आता समजा एखाद्या स्टुडिओवाल्यानं याच बायांना बोलावलं, मागं बँजो नि ढोल टाकला आणि यूट्यूबवर चढवलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, गाणारी नाही. गाणाऱ्याला कलाकार म्हणून हक्क मिळाले ते 1994 च्या दुरुस्तीत, म्हणजे पुष्कळ उशिरा. कायद्याला एक नाव लागतं, एक तारीख लागते, सगळ्यांचं आहे म्हटलं की त्याच्या हिशोबी ते कोणाचंच नसतं.

कवयित्री बहिणाबाई चौधरींचं घ्या. असोद्याचं माहेर, 1880 चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात नि जात्यावर गाणी सुचायची, मुलानं, सोपानदेवांनी, नि घरातल्यांनी ती उतरवून ठेवली म्हणून राहिली. 1951 ला त्या गेल्या आणि 1952 ला पुस्तक आलं, तेही आचार्य अत्र्यांनी डोक्यावर घेतलं म्हणून. मरणोत्तर छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट छापल्यापासून 60 वर्षं मोजतात, म्हणजे 2012 संपेपर्यंत. जात्यावरची वर्षं त्यात कुठंच नाहीत! आणि त्यांची बोली खान्देशातली अहिराणी की लेवा पाटील समाजाची लेवा गणबोली यावर आमच्याकडे अजून कडाकडा भांडणं होतात, तो विषय काढायचाच नाही.

त्याच 1952 ला अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं संमेलन परत तिथंच, प्रताप कॉलेजच्या आवारात, आणि त्याच दिवसांत त्याच गावात त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलन. एका गावात दोन मांडव. एकीकडं सरकारी अनुदान, मंत्री, मोठे प्रकाशक, तर दुसरीकडं एक मूठ धान्य नि एक रुपया असं लोकांकडून गोळा करून उभं केलेलं. लोकांना वाटतं हा नुसता मानापानाचा राडा आहे. थोडाफार असेलही, पण पैसा कोणाकडून घ्यायचा हे ठरलं की स्टेजवर कोण बसणार हेही बऱ्यापैकी ठरून जातं, आणि साहित्य कशाला म्हणायचं हे तर त्याच्याही आधी ठरलेलं असतं.

अहिराणीचंही तेच. शाळेत ती मराठीची बोली, पोरगं वर्गात 'माझा, तुझा'ऐवजी 'मना, तुना' बोललं की पोरं दात काढतात. पण जनगणनेत मात्र ती खान्देशी या नावाखाली मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते. 2001 ला बोलणारे 20 लाखांच्या वर होते, 2011 ला 18 लाखांच्या वर. माणसं काही कमी झाली नाहीत, पोरं तर वाढलीच! मग मातृभाषेच्या रकान्यात मराठी सांगणारे वाढले असतील, हा आपला अंदाज. बाजारात भाव करताना अहिराणी आणि प्रगणक दारात आला की मराठी, असं करणारी घरं तुम्हालाही माहीत असतील. 2027 ला तो परत विचारायला येणार आहे.